मोटारीची जागा

दादर स्थानकाच्या पूर्वेस, हिंदू कॉलनीच्या झाडीने झाकलेल्या गल्ल्यांतून सावकाश चालत गेले असता, इमारतींच्या मागल्या अंगणांत बसक्या, सपाट छपराच्या, दोन झडपांच्या लाकडी दारांच्या खोल्या ओळीने उभ्या असलेल्या दृष्टीस पडतात. त्या मोटारींसाठी बांधलेल्या आहेत. १८९६च्या प्लेगने मुंबईची दाट वस्ती हादरल्यानंतर १८९८ साली सरकारने जो इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला, त्याच्या दादर-माटुंगा योजनेत ही मोकळी, हवेशीर वस्ती आखली गेली. आणि पुढे वकील, डॉक्टर, प्राध्यापक, कचेऱ्यांतील वरिष्ठ अंमलदार अशा मंडळींची बिऱ्हाडे येथे येऊ लागली, तेव्हा ज्यांच्यापाशी मोटार होती, किंवा लवकरच येईल असा ज्यांचा भरवसा होता, त्यांच्या सोयीसाठी घरमालकांनी ही गॅरेजे बांधून ठेवली. त्यानंतर दुसरे महायुद्ध आले, पेट्रोलवर नियंत्रण आले, पुष्कळ गाड्या विकल्या गेल्या. युद्ध संपल्यावरही परदेशी गाड्यांची वाट बंद होत गेली आणि देशी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याची पाळी आली. मुंबईत रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. कोठे शिकवणीचा वर्ग आला, कोठे शिंप्याचे यंत्र घरघरू लागले, कोठे इस्त्रीवाल्याची कोळशाची इस्त्री धुमसू लागली. अशाच एका गॅरेजात १९६०च्या दसऱ्यापासून मी पुस्तके बांधीत आहे, आणि तेथे येऊन मला जे मिळाले ते कृतज्ञतेने नोंदवून ठेवावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

माझा जन्म गिरगावातला, आणि व्यवसायही गिरगावानेच दिलेला. ज्या काळात मी हातात दाभण धरले त्या काळी ठाकुरद्वारापासून काळबादेवीपर्यंतचा सारा मुलूख छापखान्यांचा होता. जावजी दादाजींनी १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागराचे नाव तेथल्या पोराटोरांच्याही तोंडी असे. त्या छापखान्याचे वळणदार देवनागरी टाइप आणि त्याची शुद्ध छपाई हा आम्हां कामगारांना परक्याच्या वैभवासारखा नव्हे, घरच्या कुळाचारासारखा अभिमानाचा विषय होता. गल्लोगल्ली लहानमोठी मुद्रणालये, त्यांच्या आधाराने कागदाचे व्यापारी, पुठ्ठ्याची दुकाने, आणि त्या सर्वांच्या पाठीमागे, कोठल्याशा चाळीच्या जिन्याखाली किंवा पोटमाळ्यावर, आम्ही बांधणीवाले. छापखान्यातून दिवसा पगारी काम करावे आणि रात्री घरी खाजगी काम घ्यावे, हा आमच्या धंद्यातला सार्वत्रिक रिवाज. खाजगी काम म्हणजे बहुधा जुन्या पुस्तकांची पुनर्बांधणी; आणि मला स्वतःला तेच काम मनापासून प्रिय आहे, कारण नव्या पुस्तकांचे गठ्ठे एका मापाने शिवता येतात, परंतु जुन्या प्रत्येक पुस्तकाचे दुखणे निराळे असते.

या कामाची रीत वाचकांस सांगितल्यावाचून पुढचा मजकूर नीट ध्यानात येणार नाही. पुस्तक म्हणजे सुट्या पानांची चळत नव्हे. छापील तावाच्या घड्या घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे होतात, आणि प्रत्येक फर्म्याच्या घडीतून दोरा नेऊन सारे फर्मे एकमेकांस जोडणे याला आम्ही जुजबंदी म्हणतो. वरून दाभणाने भोके पाडून टाके घातले तर काम झटपट होते, पण पुस्तक मग पुरते उघडत नाही, आणि वाचणारा ते बळाने उघडू पाहतो तेव्हा कागद टाक्यापाशी फाटतो. एकोणिसाव्या शतकातील पुस्तकांचा कागद तर घडीवरच विरलेला असतो. म्हणून आधी पुस्तक उसवावयाचे, प्रत्येक घडीला पातळ कागदाची पट्टी चिकटवून ती सांधावयाची, ती वाळू द्यावयाची. मग मेण लावलेल्या दोऱ्याने जुजबंदी करावयाची. पाठीला सरस लावून तो अर्धवट ओला असतानाच हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी पाठ गोल करावयाची. पुठ्ठे बसवावयाचे, वर कापड चढवावयाचे, आणि अखेरीस अस्तराचा कागद चिकटवून सारे पुस्तक शिकंज्यात दाबून ठेवावयाचे. मैद्याच्या खळीत मोरचूद घातलेला असतो, तो कसर लागू नये म्हणून. खळीने भिजलेला कागद फुगतो आणि वाळताना आकसतो. तो पुठ्ठ्याच्या एकाच अंगाला लागला तर पुठ्ठ्याला त्या अंगाकडे ओढून घेतो. या ओढीला पुरून उरणारा दाब तो कागद पुरता वाळेपर्यंत, म्हणजे किमान एक अख्खी रात्र, पुस्तकावर राहिला पाहिजे. सांधलेल्या घड्यांना एक रात्र, पाठीच्या सरसाला एक रात्र, अस्तराला एक रात्र. जाणत्याच्या हाती दिलेले पुस्तकदेखील या तीन रात्रींशिवाय चांगले बांधून होत नाही.

आणि चाळीतल्या खोलीत रात्र कोणाची असते? ती माणसांची असते, आणि असलीही पाहिजे. दहा बाय बाराच्या आमच्या खोलीत आई, आम्ही उभयता, धाकटा भाऊ आणि मुले एवढी माणसे होती. छापखान्यातून आल्यावर मी सतरंजीवर फर्मे मांडीत असे. जेवणाची वेळ झाली की ते उचलून पेटीवर ठेवावयाचे, ताटे उचलली गेली की पुन्हा मांडावयाचे, आणि अंथरुणे घालण्याची वेळ झाली की पुन्हा सारे आवरावयाचे. गॅलरीत काम करावे तर पावसाची झड येई, आणि कोरड्या दिवसांत तेथे शेजाऱ्यांची अंथरुणे पडलेली असत. लाकडी शिकंजा एक होता, त्यात दोन पुस्तके मावत. उरलेल्या पुस्तकांवर वजन म्हणून मी घरातला पाटा ठेवीत असे. सकाळी सहा वाजता पत्नीचा आवाज येई, "अहो, पाटा मोकळा करा, डब्याची चटणी वाटायची आहे." पाटा उचलला जाई, आणि दमट हवेत रात्रभरात जेमतेम सुकलेले पुस्तक दुपारपर्यंत पुठ्ठ्यांची टोके वर करून बसे. मग ते पुन्हा ओले करावे, पुन्हा दाबावे. यात दोष कोणाचाच नव्हता. चटणी वाटलीच पाहिजे, मुले निजलीच पाहिजेत. त्या खोलीने आमच्या तीन पिढ्या सांभाळल्या, तिच्याविषयी वावगा शब्द माझ्या लेखणीतून उतरणार नाही. परंतु तेथे कोणतेही काम अर्धे ठेवून निजता येत नव्हते, ही वस्तुस्थिती होती. आणि चांगले काम हे बराच काळ अर्धे असते.

ही अडचण पुस्तके बांधणाऱ्याचीच नव्हे, वाचणाऱ्याचीही होती. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेची जी हकीकत आहे ती मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा तेव्हा अंतःकरण भरून येते. परळच्या चाळीतली एकच खोली; तीच स्वयंपाकघर, तीच निजण्याची जागा, तीच अभ्यासिका. सुभेदार रामजी मुलाला संध्याकाळी लवकर निजवीत आणि स्वतः जागे राहून रात्री दोनच्या सुमारास उठवीत, कारण त्या प्रहरी खोलीतली माणसे झोपलेली असत आणि अभ्यासापुरती शांतता मिळे. पुढे बाबासाहेबांनी परळमध्येच ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत कित्येक वर्षे काढली, विलायतेतून आणलेले ग्रंथ तेथे साठत गेले. आणि १९३०च्या दशकात त्यांनी याच हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले ते मुख्यतः त्या ग्रंथांना हक्काची जागा मिळावी म्हणून. मनुष्याने आपल्या पुस्तकांसाठी घर बांधावे, अशी उदाहरणे आपल्या शहरात फार नाहीत. सकाळी दूध आणावयास जाताना मी त्या वास्तूवरून जातो, आणि त्यांच्या महानिर्वाणाला इतकी वर्षे लोटल्यावरही तेथे हात जोडून उभी असलेली माणसे पाहतो. परळची ती खोली आणि दादरची ही वास्तू यांमधले अंतर ट्रामने फारसे नव्हते. ते ओलांडावयास त्यांच्यासारख्या पुरुषाला जवळजवळ तीस वर्षे लागली.

माझे स्थलांतर अर्थातच एका सामान्य कारागिराचे. हिंदू कॉलनीतील एका वृद्ध वकिलांचे कायद्याचे ग्रंथ मी पूर्वीपासून बांधून देत असे. ते वारल्यावर त्यांच्या पत्नीने, ज्यांना आम्ही सारे आजी म्हणतो, मला बोलावून घेतले. इमारत त्यांच्याच मालकीची. तळमजल्यावर मागील बाजूस दोन खोल्या मोकळ्या झाल्या होत्या आणि वकीलसाहेबांची ऑस्टिन गाडी विकल्यापासून गॅरेज कुलूपबंद होते. माझ्या धाकट्या भावाचे लग्न ठरले होते, गिरगावची खोली त्याला पुरती देणे भागच होते. आजी म्हणाल्या, "भाड्याचं आपण बघू. पण यांची पुस्तकं गॅरेजच्या माळ्यावर आहेत, ती वाळवीला द्यायची नाहीत, एवढं तुम्ही कबूल करा." भाडेचिठ्ठी झाली, गुमास्ता परवान्याचे कागद झाले, आणि खंडेनवमीला गिरगावात हत्यारांची अखेरची पूजा करून दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

सामान दोन हातगाड्यांत मावले. एका गाडीवर भांडीकुंडी आणि ट्रंका, दुसरीवर शिकंजा, पुठ्ठे, बकरमचे तागे, सरसाचे भांडे. लॅमिंग्टन रोड, सात रस्ता, चिंचपोकळीचा पूल, लालबाग, परळ अशा वाटेने त्या गाड्या आल्या. मी दुसऱ्या गाडीबरोबर चालत होतो. लालबागेत एका गिरणीच्या दारावर झेंडूची तोरणे चढत होती आणि आत यंत्रांची पूजा चाललेली होती. हमालाने तेथे क्षणभर गाडी थांबवून नमस्कार केला, आणि मीही केला.

घरात रुळावयास आम्हांला फार दिवस लागले नाहीत, आणि त्याचे वर्णन करावे असे त्यात विशेष काही नाही. नळ घरात आला, मुलांची शाळा पायी गाठण्याजोगी झाली, आईला जिन्याची दगदग राहिली नाही. पत्नीला मात्र गॅलरी आठवे. चाळीत दार उघडले की बोलावयास माणूस असे. येथे दारे लोटलेली. ती उणीव पहिल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाने मिटली, आणि आता आजींच्या स्वयंपाकघरात तिचा जितका वावर आहे तितका माझ्याही घरात नसेल.

गॅरेजने मात्र माझ्याकडून पुष्कळ सेवा करून घेतली. जमिनीवर तेलाचे काळे डाग होते, आणि तेलाचा अंश हा कागदाचा शत्रू. लाकडाचा भुसा पसरून, तो तेल पिऊन जड झाला की झाडून, पुन्हा नवा पसरून, मग सोड्याच्या कढत पाण्याने घासून ती जमीन मी स्वच्छ केली. मधोमध गाडीच्या पोटाखाली उतरून दुरुस्ती करण्यासाठी केलेला खड्डा होता; त्यावर सागवानी फळ्या बसवल्या. भिंतींना चुन्याचे तीन हात दिले. मांडण्या भिंतीपासून हातभर दूर ठेवल्या, कारण मुंबईच्या पावसाळ्यात भिंतीला घाम येतो आणि टेकलेले पुस्तक तो घाम पिते. ज्या कपाटात वाळत घातलेली पाने असतात त्यात पावसाळ्याचे चार महिने एक विजेचा दिवा सतत जळत ठेवतो. त्याची ऊब एवढी बेताची असते की हात लावला तर जाणवू नये, परंतु बुरशी रोखण्यास ती पुरते.

एक गोष्ट प्रथम माझ्या ध्यानातच आली नव्हती. कामाचे मेज मांडले, त्यावर सरसाचे भांडे ठेवले, तर सरस एका अंगाला झुकलेला. गाडी धुतल्यावर पाणी दाराबाहेरच्या गटाराकडे वाहून जावे म्हणून ज्या कारागिराने ती जमीन केली होती त्याने तिला आतून बाहेर असा उतार दिलेला होता, आणि तो इतका एकसारखा होता की नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता. मी पाणसळ आणली, मेजाच्या पुढल्या दोन्ही पायांखाली सागाच्या पाचरी तासून बसवल्या. मांडण्यांनाही बसवल्या. आजही कोणी नवा मनुष्य आला की मी त्याला त्या पाचरी दाखवतो आणि त्या अज्ञात गवंड्याची तारीफ करतो. तीस वर्षांत त्या जमिनीवर पाणी कधी थांबले नाही, आणि कागदाच्या जागेला याहून मोठे वरदान कोणते?

त्याच जमिनीचा दुसरा गुण म्हणजे तिची सहनशक्ती. गिरगावातील एक जुना छापखाना बंद पडून त्याचे सामान लिलावात निघाले, तेव्हा पुरुषभर उंचीचा, चाकाने फिरणारा लोखंडी शिकंजा मला मिळाला. असा शिकंजा आपणापाशी असावा ही माझी तरुणपणापासूनची इच्छा. परंतु चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, लाकडी तुळयांच्या तक्तपोशीवर तो ठेवणे म्हणजे खालच्या बिऱ्हाडाच्या जिवाशी खेळ झाला असता. तेथे तर पाठ गोल करताना हातोडीचे ठोकेसुद्धा मी घडी केलेल्या गोधडीवर मारीत असे. येथे सहा हमालांनी तो शिकंजा आणून उभा केला आणि जमीन हलली नाही. मोटारीचे ओझे पेलण्यासाठी बनलेल्या त्या काँक्रीटला त्याचे काय वाटणार! पहिल्याच संध्याकाळी मी ज्ञानकोशाचे खंड त्यात घातले. केतकरांच्या ज्ञानकोशाचे ते २३ खंड एका वाचनालयाने दिलेले होते. अशा जड ग्रंथांची पाठ आपल्याच वजनाने तुटते, म्हणून त्यांना दाब भरपूर आणि दीर्घकाळ लागतो. चाक आवळले, दिवा मालवला, दाराला कडी घातली आणि घरी जाऊन जेवलो. रात्री जाग आली तेव्हा मनात आले की, मी येथे निजलो आहे आणि तिकडे माझे काम चालू आहे. कागद आपल्या वेळेने वाळतो आहे, आणि उद्या सकाळी चटणीसाठी कोणी काही उचलणार नाही. इतक्या वर्षांच्या धंद्यात कामाला त्याची स्वतःची रात्र मी प्रथमच देऊ शकलो होतो. हे सुख ज्याने कधी अनुभवले नाही त्याला ते क्षुल्लक वाटेल. मला ते फार मोठे वाटले, आणि आजही कडी लावताना वाटते.

पुढल्याच वर्षी या जागेची खरी कसोटी लागली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. माणसांचे आणि घरांचे जे झाले ते सर्वांस ठाऊक आहे. महिना सरत आला असता नारायण पेठेतील एका कुटुंबातील गृहस्थ तीन ट्रंका घेऊन माझ्या दाराशी आले. त्यांच्या वडिलांचा संग्रह होता. काव्यसंग्रहाचे जुने अंक, पंचांगे, इतिहासाची साधने, काही हस्तलिखिते. ट्रंक उघडताच चिखलाचा आणि कुजक्या सरसाचा असा वास आला की ते गृहस्थ तोंड फिरवून उभे राहिले. मी त्यांना एवढेच म्हटले, "दादा, ही इथे राहू द्या. घाई मात्र करू नका."

ओल्या पुस्तकाला उन्हात टाकणे हा सर्वांना सुचणारा उपाय आणि सर्वांत वाईट उपाय. वरचे पान कडक होते, आतले ओलेच राहते, पुठ्ठा पिळवटतो. ते सावलीत, वाऱ्यावर, दर काही पानांआड टीपकागद घालून सुकवावे लागते. टीपकागद भिजला की बदलावा लागतो, पुन्हा भिजला की पुन्हा. गुळगुळीत कागदावरची चित्रे एकमेकांस चिकटून बसण्याच्या आत त्यांच्यामध्ये मेणकागद गेला पाहिजे. हस्तलिखितांची गोष्ट निराळी होती, आणि तिने मला चकित केले. देशी बोरूच्या लेखणीने, काजळाच्या काळ्या शाईने लिहिलेली ती अक्षरे पुराच्या पाण्यातून जशीच्या तशी निघाली होती, आणि त्यांच्या शेजारच्या, पन्नास वर्षांपूर्वीच्या विलायती निळ्या शाईतल्या वह्या मात्र फिकट डागांच्या झाल्या होत्या. आठवडेच्या आठवडे गॅरेजच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून त्यांवर फर्मे वाळत घातलेले असत. खड्ड्यावरच्या फळ्या काढून तेथली जागासुद्धा मी कामास लावली. कॉलनीतील मुले शाळेतून येताना दाराशी थबकत, त्यांतली दोन नित्य आत येऊन टीपकागद बदलू लागली. सारी पुस्तके वाचली असे म्हणता येणार नाही. पण बरीच वाचली, आणि दिवाळीनंतर ते गृहस्थ ती न्यावयास आले तेव्हा एकेक खंड हातात घेऊन, उघडून, वासही घेऊन पाहत होते.

१९६६च्या नोव्हेंबरात इटलीत आर्नो नदीला पूर येऊन फ्लॉरेन्सचे राष्ट्रीय ग्रंथालय पाण्याखाली गेले, तेव्हा देशोदेशीचे बांधणीकार तेथे धावून गेले आणि चिखलाने माखलेले ग्रंथ तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्यांच्या घरांत नेऊन सुकवले गेले, असे वाचले. तेवढ्या थोर कार्याशी माझ्या तीन ट्रंकांची बरोबरी नाही. तरी तंबाखूच्या घरात सुकणारे ते ग्रंथ आणि मोटारीच्या घरात सुकलेले हे ग्रंथ एकाच बिरादरीचे, असे वाटून त्या दिवशी मला मोठे समाधान लाभले.

गिरगावात माझी गिऱ्हाइके म्हणजे प्रकाशक आणि वाचनालये. दादरला आल्यावर त्यांत एका नव्या वर्गाची भर पडली. येथून नायगाव, परळ जवळ. सकाळच्या पाळीचा भोंगा झाला की गिरणीतून सुटलेली माणसे या बाजूने जात, आणि उघड्या दारातून शिकंजा पाहून कोणी आत डोकावे. एका साचेवाल्याने हळदीकुंकवाचे डाग पडलेल्या फडक्यात गुंडाळून आपल्या आजोबांची भजनाची वही आणली. अभंग, गौळणी, भारुडे, मध्येच उसनवारीचे हिशेब. अक्षर गाडीच्या चाकोरीसारखे ठाम. तो म्हणाला, "बाइंडरसाहेब, आमच्या मंडळाचं सगळं यातच आहे. हे गेलं तर आम्ही मुके." त्याला वहीवर चकचकीत कापड आणि सोनेरी अक्षरे हवी होती. मी ती दिली, पण आत हिशेबाची पानेही जशीच्या तशी ठेवली. ती काढून टाकण्याची त्याची सूचना मात्र मी मानली नाही, कारण ज्या माणसाने दोन आण्यांचा हिशेब आणि तुकोबांचा अभंग एकाच पानावर लिहिला तो माणूस अख्खा राहिला पाहिजे. दुसऱ्या एकाने पोथी आणली आणि पुस्तकासारखी शिवून मागितली. पोथी शिवू नये. तिची सुटी पाने वाचताना उचलून पुढे ठेवावयाची असतात, वर-खाली दोन फळ्या आणि भोवती रुमाल हीच तिची बांधणी. पेशव्यांच्या दफ्तरातले कागद अशाच रुमालांत इतकी वर्षे टिकले. त्याला मी सागाच्या दोन फळ्या तासून दिल्या.

ट्रामगाड्या १९६४च्या मार्चअखेर बंद झाल्या. शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला आली त्या रात्री सारी कॉलनी तिला पाहण्यास टर्मिनसवर लोटली होती. तेव्हापासून रस्त्यावर मोटारी हळूहळू वाढत गेल्या, आणि आजींचे चिरंजीव, तेही वकीलच, यांनी फियाट गाडीसाठी नाव नोंदवले. हे कानी आल्या दिवसापासून मी मनाची तयारी करीत होतो. जागा मोटारीची होती, ती मोटारीला परत जाणे न्यायाचेच होते; मी शिवडीपर्यंत एक-दोन जागा पाहूनही आलो. परंतु वर्षे गेली, गाडीचे बोलावणे येईना. अखेर गतवर्षी ती आली, फिकट निळी. चिरंजीव ती घेऊन अंगणात आले, गॅरेजच्या दाराशी थांबवली आणि उतरून आत आले. शिकंजा, मांडण्या, दोऱ्यांवरचे फर्मे, पायांखालच्या पाचरी, सारे त्यांनी बराच वेळ न्याहाळले.

"काका," ते म्हणाले, "गाडी झाडाखाली राहील. तिला मेणकापडाचं आच्छादन शिवून घेतो. बाबांची रिपोर्टरं मात्र आता माळ्यावरून खाली काढा."

बॉम्बे लॉ रिपोर्टरची ती फाइल १८९९पासूनची, म्हणजे अगदी पहिल्या वर्षापासूनची. सुरुवातीच्या खंडांचे चामडे विटून त्याची तांबडी भुकटी होते आहे. पुस्तक उचलले की तळहाताला रंग लागतो. ते सोडवून पाठीला जाड कॅनव्हास लावणार आहे, जुन्या पाठीवरची सोनेरी नावाची चौकट जेथे शाबूत आहे तेथे ती कापून नव्यावर बसवणार आहे, आणि समासांत वकीलसाहेबांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा आहेत म्हणून कडांना कापण्याचे यंत्र लावू देणार नाही. उसवण्याचे आणि घड्या सांधण्याचे काम सध्या चालू आहे. पाठी पावसाळा संपल्यावर घेईन, असे चिरंजिवांना सांगितले आहे. आश्विनातल्या कोरड्या हवेत सरस नीट धरतो.